कोरी प्लेट आधी बघ

बाय,

चतुर्थीला घरी आलीस तेव्हा गणपती पोचवून आल्यावर आपण दोघी खळ्यात बसलो होतो, आठवतं? तू मोबाइल पुढे केलास, "आत्ये, बघ गो, किती आल्यात!" प्लेट कॉलन्यांनी नुसती खचाखच भरली होती, मोजायला बोट ठेवायला जागा नव्हती. कार्ली खाडीतल्या जिवाणूंनी आपला औषध न जुमानण्याचा गुण लॅबमधल्या गरीब जिवाणूला दिला, प्रयोग पहिल्याच फटक्यात यशस्वी झाला, असं तुझं म्हणणं होतं. मी विचारलं, पहिल्या दोन प्लेटा दाखव. तू म्हणालीस, त्या लावल्याच नाहीत, मीडिया कमी पडला.

घर पाहुण्यांनी भरलेलं, तुझ्या बाबाला परतीच्या गाडीची घाई. तेव्हा नीट बोलता आलं नाही म्हणून हे लिहिते आहे. यातलं सगळं माझं नाही. मुंबईत मी पहिल्यांदा लॅबला लागले तेव्हा आमच्या बाईंनी एकेक गोष्ट हात धरून शिकवली, आणि त्यांना त्यांच्या सरांनी. प्रॅक्टिकलच्या वहीत यातलं फारसं सापडायचं नाही.

तुझा प्रयोग साध्या शब्दांत परत मांडते. दाता म्हणजे खाडीच्या पाण्यातला ई. कोलाय, टेट्रासायक्लिनला दाद न देणारा. ग्राही म्हणजे लॅबमधला ई. कोलाय, रिफाम्पिसिनला न मरणारा, पण टेट्रासायक्लिनपुढे मान टाकणारा. दोघांना एकत्र ठेवायचं. औषधप्रतिकाराची जनुकं दात्याकडे डीएनएच्या ज्या लहानशा कड्यावर असतात ते प्लाझ्मिड. दाता ग्राहीला चिकटून त्या कड्याची एक प्रत ग्राहीच्या अंगात सरकवतो. हेच कॉन्जुगेशन. मग ते मिश्रण दोन्ही औषधं घातलेल्या प्लेटवर पसरायचं. रिफाम्पिसिन दात्याला मारतं, टेट्रासायक्लिन ग्राहीला वाढू देत नाही. वाढतो तो फक्त ग्राही, ज्याला दात्याचं कडं मिळालं आहे. तोच ट्रान्सकॉन्जुगंट.

निवडक मीडिया म्हणजे काय हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं की पुढच्या पावसात त्या खारजमिनीत नेहमीचं भात जळून जातं आणि खाऱ्याला तगणारं तेवढं उभं राहतं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने अशीच तगणारी वाणं निवडून काढली. जमीन पिकाची परीक्षा घेते तशी प्लेट जिवाणूची घेते. पण जमीन खरोखर खारी आहे याची खात्री हवी. ती गोडी असेल तर सगळंच भात उगवेल आणि तू म्हणशील, बघा, सगळं भात खाऱ्याला तगतं.

म्हणून दोन कोऱ्या प्लेटा. एकीवर नुसता दाता, दुसरीवर नुसता ग्राही, दोन्हींत दोन्ही औषधं, त्याच दिवशी ओतलेल्या, त्याच बाटलीतल्या मीडियाच्या. दोन्ही सकाळी कोऱ्या निघाल्या पाहिजेत. त्या कोऱ्या निघाल्या तरच तिसऱ्या, मिश्रणाच्या प्लेटवरच्या कॉलनीला अर्थ. आमच्या बाई सकाळी इनक्युबेटर उघडला की तिसरी प्लेट पालथी ठेवून द्यायच्या आणि आधी या दोन उजेडाला धरून बघायच्या. मीही तीस वर्षं तेच केलं. मीडिया कमी पडला तर तिसरी प्लेट लावू नकोस, पण या दोन लाव.

हा हट्ट आमच्या बाईंचा एकटीचा नाही. या सगळ्या विषयाचा पाया त्याच्यावर उभा आहे. १९४६ साली जोशुआ लेडरबर्ग एकवीस वर्षांचा होता, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. एडवर्ड टेटम यांच्या हाताखाली त्याने ई. कोलायच्या के-१२ जातीचे दोन अधू प्रकार घेतले. एकाला बायोटिन आणि मिथिओनीन बाहेरून द्यावं लागे, दुसऱ्याला थ्रिओनीन, ल्युसीन आणि थायमिन. या सगळ्यांविना असलेल्या साध्या मीडियावर दोघांना एकत्र पसरलं तर सुमारे एक कोटीत एक जिवाणू वाढला. एक कोटीत एक! इतकी दुर्मीळ गोष्ट त्याला दिसली आणि जगाने मानली, याचं कारण त्याने अधू प्रकार दोन-दोन, तीन-तीन उणिवांचे निवडले होते. एक उणीव आपोआप बदलून भरून निघू शकते, दोन एकाच वेळी भरून निघणं जवळपास अशक्य. त्यामुळे एकेकट्या प्रकाराच्या प्लेटा कोऱ्या राहिल्या. तरीही लोकांनी शंका काढल्याच. १९५० साली बर्नार्ड डेव्हिस यांनी यू आकाराच्या नळीत मधोमध जिवाणू जाणार नाहीत अशी बारीक जाळी घालून दोन प्रकार दोन बाजूंना वाढवले. द्रव इकडून तिकडे गेला, पण नवा प्रकार एकही आला नाही. म्हणजे अंगाला अंग लागल्याशिवाय हे होत नाही. लेडरबर्गला १९५८ साली नोबेल मिळालं. माझ्या मते त्यातला मोठा वाटा त्या कोऱ्या प्लेटांचा आहे.

आता तुझ्या भरलेल्या प्लेटकडे येते. तू जाता जाता सहज म्हणालीस ते माझ्या मनात राहिलं. खाडीचे जिवाणू म्हणून मीडियासुद्धा समुद्राचं पाणी गाळून त्यातच बनवला, दोन्ही वेळेला. बाय, तिथेच घात झाला असणार. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सव्वा ग्रॅमहून जास्त मॅग्नेशियम असतं आणि सुमारे ०.४ ग्रॅम कॅल्शियम. टेट्रासायक्लिन या दोघांना घट्ट धरून बसतं. ही गोळी दुधाबरोबर घेऊ नये असं डॉक्टर सांगतात त्यामागे हेच कारण. असं बांधलं गेलेलं औषध जिवाणूच्या आत नीट जात नाही. तू बाटलीत औषध बरोबर मापून घातलंस, पण प्लेटमध्ये त्याचा जोर उरला नव्हता. मग रिफाम्पिसिनला न मरणारा तुझा ग्राही, कुणाकडूनही काही न घेता, सुखाने वाढला. कॉलन्या तपासल्यावर त्या ग्राहीच्याच निघाल्या असं तू म्हणालीस, आणि तोच तुला पुरावा वाटला. ग्राहीच्याच असणार त्या. नुसत्या ग्राहीची प्लेट लावली असतीस तर तीही अशीच भरलेली दिसली असती, आणि पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

आणि तू खाडीतून जे दाते वेचलेस तेही याच मीडियावर वेचलेस. त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बनवलेल्या साध्या अगारवर, मिलिलिटरला १० ते १५ मायक्रोग्रॅम टेट्रासायक्लिन घालून, एकेक परत ओढून बघ. बरेच गळतील. गळू देत. आपली खाडी सगळी औषधांना निर्ढावलेली आहे असं रिपोर्टात लिहिण्याआधी हे करणं तुझं कर्तव्य आहे. इथे माणसं मासळीवर आणि पाहुण्यांवर जगतात. कोऱ्या प्लेटेविना खाडीवर आळ घेऊ नकोस, आणि खरोखर काही सापडलं तर लपवूही नकोस.

प्लेट ओतण्याचं सांगते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे झाली होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी अ‍ॅम्पिसिलिनच्या प्लेटा ओतल्या आणि घाईत अगार गरम असतानाच औषध घातलं. अगार सुमारे ८५ अंशांना वितळतो पण ४०च्या खाली येईपर्यंत गोठत नाही, त्यामुळे डोळ्यांना पातळ दिसला तरी तो किती गरम आहे ते कळत नाही. औषध उष्णतेने मेलं. तीन आठवडे मी त्या प्लेटांवरचे आकडे लिहीत होते. बाईंनी वही पाहिली, काही बोलल्या नाहीत, बाटली माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली आणि म्हणाल्या, "आता बोल." तेव्हापासून माझं माप तेच. बाटली मनगटाला धरवते, पण ऊब चांगली लागते, तेव्हा अगार पन्नासच्या आसपास असतो. तेव्हाच औषध घालायचं. मग बाटली हलवायची नाही, गोल फिरवायची. हलवलीस की फेस येतो, आणि फेसाचे बुडबुडे दुसऱ्या दिवशी कॉलन्यांसारखे दिसतात. आई चायना ग्रासचं खरवसासारखं करायची ना, ताटलीत ओतताना बुडबुडा सुरीच्या टोकाने फोडायची? आपण बर्नरची ज्योत वरून झटकन फिरवतो, एवढाच फरक. तो चायना ग्रासही समुद्रातल्या शेवाळाचाच, आणि अगारही.

टेट्रासायक्लिन उजेडात बिघडतं. प्लेटा फॉइलमध्ये गुंडाळ. रिफाम्पिसिन पाण्यात विरघळत नाही, मिथेनॉलमध्ये कर. प्रत्येक प्लेटच्या तळाला औषध आणि तारीख लिही, झाकणाला नको, झाकणं बदलतात.

आता प्रत्यक्ष जोडी लावणं. लहानपणी आई रात्री विरजण लावायची आणि आम्ही फडताळाकडे गेलो की आतून आवाज यायचा, "इरजाण घातलंय गो, टोपाक हात लाव नको!" अगदी तसंच. दाता आणि ग्राही दोघेही ताजे, जोमात वाढत असलेले घे, रात्रभराचे सुस्तावलेले नकोत. दाता औषधाच्या ब्रॉथमध्ये वाढवला असेल तर सेंट्रिफ्यूज करून धुऊन घे, नाहीतर ते औषध मिश्रणात येऊन ग्राहीचा गळा धरतं. एक भाग दाता, दहा भाग ग्राही. नळी ठेव आणि हात काढ. शेकरवर चढवू नकोस, व्हॉर्टेक्स तर मुळीच नको. दात्याच्या अंगावरच्या बारीक तंतूंनी जोडी जमते, धक्क्याने ती तुटते. हे तोडणंसुद्धा शास्त्राला उपयोगी पडलं. १९५०च्या दशकात पॅरिसमध्ये एली वोलमन आणि फ्रांस्वा जाकोब यांनी जुळलेल्या जोड्या ठराविक मिनिटांनी ब्लेंडरमध्ये फिरवून तोडल्या आणि कोणतं जनुक कितव्या मिनिटाला पलीकडे पोचतं ते पाहिलं. अख्खं गुणसूत्र जायला सुमारे १०० मिनिटं लागतात. ई. कोलायचा नकाशा त्यामुळेच मिनिटांत मोजला जाऊ लागला. तुला मात्र तोडायचं नाही, जुळू द्यायचं आहे.

काही प्लाझ्मिडांचे दाते पातळ ब्रॉथमध्ये नीट जुळत नाहीत, त्यांना टेकायला पृष्ठभाग लागतो. नळीत काही मिळालं नाही तर निराश होऊन दाता टाकून देऊ नकोस. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरवर दोघांना गाळ, फिल्टर औषधाविना असलेल्या अगारवर ठेव, रात्रभर. सकाळी तो फिल्टर थोड्या ब्रॉथमध्ये झटकून घे. झटकायला आता हरकत नाही.

आणि इनक्युबेटर ३७वर ठेवून मोकळी होऊ नकोस. एक जोडी ३७ला, दुसरी ३०ला. विषमज्वराच्या जिवाणूत सापडणारी काही प्लाझ्मिडं ३७ला जवळजवळ हलतच नाहीत, थंड असलं की सरकतात. दिल्लीत २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तुला माहीत असेल. तिथे नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१ हे औषधप्रतिकाराचं जनुक मिळालं होतं. ते वाहणाऱ्या प्लाझ्मिडांचं हस्तांतर २५ किंवा ३७पेक्षा ३० अंशांना जास्त झालं. आपल्या खाडीचं पाणी वर्षातले बरेच महिने त्याच्याच आसपास असतं, तू उतरतेस तेव्हा पायाला कळतं ते.

कॉलन्या मिळाल्या, दोन्ही प्लेटा कोऱ्या निघाल्या, तरी थांब. लाखो-कोटी दात्यांत एखादा आपणहून बदलून रिफाम्पिसिनला न जुमानणारा निघतोच. दहा कोटींत एक असा साधारण हिशोब धर. तो कुणाकडून काही घेत नाही, कुणाला काही देत नाही, आणि तुझ्या तिसऱ्या प्लेटवर साळसूदपणे बसतो. त्याला ओळखायचं रंगाने. तुझा ग्राही लॅक्टोज न पचवणारा आहे, खाडीतला दाता पचवणारा. मॅकॉन्की अगारवर दाता गुलाबी दिसेल, खरा ट्रान्सकॉन्जुगंट फिक्का. पण रिफाम्पिसिन स्वतःच केशरी असतं, त्या प्लेटवर गुलाबी आणि फिक्का यांत डोळा फसतो. म्हणून आधी दोन्ही औषधं घातलेल्या साध्या अगारवर निवड, मग ऑटोक्लेव्ह केलेल्या लाकडी टूथपिकने एकेक कॉलनी टिपून औषधाविना असलेल्या मॅकॉन्कीवर ठिपके दे. टूथपिक एका कॉलनीला एक. दुसरी खूण माझी आवडती आहे. ट्रान्सकॉन्जुगंटला दाता करून दुसऱ्याच ग्राहीशी जोड. त्यानेही पुढे दिलं, तर ते कडं खरोखर चालतं-फिरतं आहे.

पुढे कधी अ‍ॅम्पिसिलिन घेतलंस तर एक लक्षात ठेव. मोठ्या कॉलनीभोवती टाचणीच्या टोकाएवढ्या पिल्लासारख्या कॉलन्या दिसतील. त्या मोजू नकोस. मोठी कॉलनी औषध तोडणारं एन्झाइम भोवती सोडते आणि त्या औषध संपलेल्या वर्तुळात औषधाला मरणारेही वाढतात. म्हणून ती प्लेट २४ तासांच्या वर ठेवायची नाही.

हिशोब सोपा आहे, पण तुझ्या वहीत तो नव्हता. समज, मिश्रण शंभरपट पातळ करून ०.१ मिलिलिटर पसरलंस, ४२ कॉलन्या आल्या. म्हणजे मिलिलिटरला ४२,०००. दाते दहा लाख पट पातळ करून तेवढेच पसरले, ८४ आल्या, म्हणजे मिलिलिटरला ८४ कोटी. वीस हजार दात्यांमागे एक ट्रान्सकॉन्जुगंट. हा आकडा लिहायचा. 'प्लेट भरली' असं लिहायचं नाही. तीसच्या खाली आणि तीनशेच्या वर गेलेली प्लेट मोजायची नाही, दुसरं पातळ करून परत पसरायची.

तुझ्या सरांनी सुचवलं नसेल तरी बाळू चोपडे यांचं काम शोधून वाच. त्यांनी नॉटिंगहॅमला अ‍ॅसिनेटोबॅक्टरमधल्या प्लाझ्मिडांच्या हस्तांतरावर काम केलं, १९८५ साली सहकाऱ्यांसह त्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे पुणे विद्यापीठात या जिवाणूचा ध्यास घेतला. दवाखान्यातल्या ज्या जिवाणूचं नाव आज ऐकलं की डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्याच्याकडे आपल्या माणसांनी इतक्या आधी लक्ष दिलं, याचा मला अभिमान वाटतो. आणि पावसाळ्यात तारकर्लीपासून संगमापर्यंत वाळूत डांबराचे काळे गोळे लागतात, पायाला चिकटले की खोबरेल चोळून काढावे लागतात, तेव्हा मला आनंद मोहन चक्रवर्ती आठवतात. त्यांनी वेगवेगळे तेलघटक पचवणारी प्लाझ्मिडं कॉन्जुगेशनने एकाच स्यूडोमोनासमध्ये आणली. त्या जिवाणूच्या पेटंटवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जून १९८० रोजी निकाल दिला. जिवाणूंची देवघेव म्हणजे फक्त संकट नव्हे, हे तुला माहीत असू दे.

पण तुझ्या हातात जे तयार होईल ते मात्र जपून. ज्या ग्राहीला औषधाने मारता येत होतं त्याला तू औषधाला न मरणारा करते आहेस. वापरलेली एकही नळी, एकही प्लेट, टूथपिकसुद्धा, ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जायची नाही. कचऱ्याला १२१ अंशांवर १५ मिनिटं पुरत नाहीत, पिशवी गच्च भरलेली असते, आतपर्यंत वाफ पोचत नाही. सैल भर, तोंड थोडं उघडं ठेव, अर्ध्या तासाच्या वर दे. सिंकमध्ये काही ओतायचं नाही. तुझ्या कॉलेजचं सिंक कुठल्या तरी व्हाळाला जातं आणि व्हाळ खाडीला. देवबागात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कार्ली, मध्ये ही वाळूची पट्टी. आपल्या विहिरीचं गोडं पाणी त्या वाळूत खाऱ्यावर तरंगतं. त्या पाण्यात जाऊन काय मिळेल याची फिकीर आपण नाही करायची तर कुणी?

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा नमुने नव्याने घेऊ. ओहोटीचं पाणी वरच्या गावांकडून येतं आणि भरतीचं समुद्राकडून, म्हणून दोन्ही वेळेला, त्याच जागी, वहीत वेळ लिहून. बाटलीचं झाकण पाण्याखाली, हातभर खोल उघडायचं, तोंड प्रवाहाकडे. आपला हात वरच्या बाजूला येता कामा नये. बर्फात ठेवून सहा तासांच्या आत लॅबमध्ये प्लेट व्हायला हवं, त्यामुळे तुझ्या बाबाला गाडी घेऊन पहाटे तयार राहायला सांगितलं आहे. मासळीचा थर्माकोलचा खोका घेऊ नकोस, त्यात बांगड्याचं पाणी मुरलेलं आहे. मी नवा आणून माळ्यावर ठेवला आहे. येताना डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन घेऊन ये.

तुझी आत्या